तिसऱ्या मजल्यावरचा अंधार : घर आणि तब्येत यांचं नातं मोजायचं तरी कसं?

तिरपं_ऊन · शनिवार, सकाळी ११:०५

मंडळी, सकाळचे अकरा वाजलेत, बाहेर ऑक्टोबरचं ऊन मी म्हणतंय आणि मी स्वयंपाकघरात ट्यूब लावून कोथिंबीर निवडतेय.

आमची इमारत मुंबईच्या पश्चिम उपनगरात, चार मजली, १९७८ ची. पूर्वेला बैठी चाळ होती. ती गेली, पत्रे लागले, चार वर्षं धूळ खाल्ली आणि पत्रे निघाले तेव्हा समोर टॉवर उभा होता. त्याआधी सकाळी ऊन थेट देव्हाऱ्यापर्यंत यायचं. बाबा त्या पट्ट्यात खुर्ची टाकून पेपर वाचायचे. पट्टा सरकला की खुर्ची सरकायची, अग्रलेखापासून छोट्या जाहिरातींपर्यंत पोचेस्तोवर खुर्ची भिंतीला टेकलेली असायची. आता ती एकाच जागी असते.

बाबा ७९ वर्षांचे. गेल्या दोन वर्षांत त्यांची झोप पार उलटीपालटी झालीय, दुपारी डुलक्या आणि रात्री टक्क जागे. ड जीवनसत्त्व तळाला. खोकला म्हणावा तसा हटत नाही. कपाटामागच्या भिंतीला काळी बुरशी धरते, दर गणपतीच्या आधी खरवडून काढतो. भाऊ म्हणतो, "अगं, वय झालं." मी म्हणते टॉवर. आमचं भांडण सुटत नाही, कारण दोघांकडेही पुरावा नाही.

काल मोबाइलवर लक्स, म्हणजे उजेडाचं माप, मोजायचं ॲप घेतलं. आमच्या ओट्यावर ३८. वरच्या मजल्यावर, त्याच वेळी, त्याच ओट्यावर ९५. जिन्यापलीकडच्या पश्चिमेच्या घरात २१०. एकाच पत्त्यावर, एकाच पिनकोडात.

माझा प्रश्न असा : घर कसं आहे आणि माणूस किती आजारी पडतो, याचं नातं कुणी नीट मोजलंय का? मोजतात कसं? "मोकळी हवा चांगली" हे मला आजीने सांगितलंय, ते नको. मोजलेलं सांगा.

---

चकली_भाजणी · शनिवार, ११:३०

वाचतेय. आईकडे हेच, फक्त टॉवरच्या जागी उड्डाणपूल. बेडरूमच्या खिडकीतून हात काढला तर बसमधल्या माणसाला लाडू देता येईल.

---

सोल्डरिंगवाला · शनिवार, ११:४८

ताई, ३८ आणि ९५ एकाच फोनवर घेतलेत ना? दोन फोनांचे आकडे एकमेकांशी लावू नका, प्रत्येकाच्या सेन्सरची तऱ्हा वेगळी. एकच फोन, तीच वेळ, पडदे बाजूला, दिवे बंद, फोन ओट्यावर आडवा. मग निदान "आमच्याकडे वरच्यापेक्षा निम्म्याहून कमी" एवढं तरी खात्रीने म्हणता येतं. ३८ ला स्वतःचा असा फार अर्थ नाही.

---

तिरपं_ऊन · शनिवार, ११:५२

एकच फोन. ट्यूब बंद करून घेतले. पुन्हा लावताना स्टार्टर रुसला तो वेगळा विषय.

---

सदाशिव_आकडेमोडे · शनिवार, दुपारी १:२०

धागा आवडला म्हणूनच कडू बोलतो. तुमच्याकडे एक घर, एक बाबा आणि दोन वर्षं आहेत. त्या दोन वर्षांत टॉवर आला हे खरं, पण बाबाही ७७ चे ७९ झाले. भाऊ अगदीच चूक नाही.

मोठ्या प्रमाणावर मोजायला गेलं की वेगळे खड्डे लागतात. पहिला सरासरीचा. आपल्याकडे आरोग्याचे आकडे मिळतात ते वॉर्डाचे, फार तर आरोग्य केंद्राच्या हद्दीचे. वॉर्डात झाडं कमी आणि दमा जास्त, असं दिसलं तर लगेच "झाडं नाहीत म्हणून दमा" छापून येतं. पण दमा असलेली माणसं त्या वॉर्डातल्या झाडांखालच्याच गल्लीत राहत असतील तर? गटाचा आकडा घेऊन माणसाविषयी बोलायचं नसतं. याला संख्याशास्त्रात नावंही आहेत, पण नावाने कुणाचं भलं झालंय? तुमच्या ३८, ९५ आणि २१० ची सरासरी काढली तर ११४ येते, आणि तो उजेड तिघांपैकी एकाच्याही घरात नाही.

दुसरा खड्डा खोल आहे. माणसं घरात पेरलेली नसतात, ती घर निवडतात. ज्याच्याकडे पैसा तो बागेसमोरचा फ्लॅट घेतो, आणि त्याच्याकडे सकस खाणं, विमा, फॅमिली डॉक्टर, वेळेवर झोप सगळंच असतं. मग बागेजवळची माणसं निरोगी निघतात यात बागेचं श्रेय किती आणि बँक बॅलन्सचं किती? उलटही होतं. घरात दुखणं आलं की पैसा आटतो आणि माणूस स्वस्त, कोंदट घरात जातो. तिथे गेल्यावर आपण मोजतो आणि म्हणतो, कोंदट घराने आजारी पाडलं.

---

तिरपं_ऊन · शनिवार, १:३५

म्हणजे मोजताच येत नाही?

---

सदाशिव_आकडेमोडे · शनिवार, १:४१

येतं. फार कष्टाने येतं. जेवून येतो.

---

कोनमापे_आर्किटेक्ट · शनिवार, दुपारी ३:१५

सदाशिवराव जेवतायत तोवर शंभरेक वर्षं मागे जाऊ.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघड झाला. ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, मूळचे गोव्याचे. प्लेगने सरकार हादरलं आणि १८९८ साली शहर सुधारायला बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो हे तेव्हा सर्वमान्य झालं नव्हतं, राग होता अंधाऱ्या, कोंदट खोल्यांवर. कारण अर्धवट कळलेलं, पण त्या नादात एक भन्नाट गोष्ट झाली. त्यांनी उजेडाला कोन लावला.

ट्रस्टचे अध्यक्ष होते जे. पी. ऑर. १९१२ मध्ये त्यांनी मुंबईतल्या घरांच्या उजेड-वाऱ्यावर एक व्याख्यान दिलं, ते छापलेलं आहे. त्यांचा आग्रह साडेत्रेसष्ट अंशांचा. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढायची. ती जमिनीशी ६३.५ अंशांपेक्षा जास्त उभी होता कामा नये. हाच कोन का? शाळेची त्रिकोणमिती आठवा, ६३.५ चा टॅन येतो दोन. म्हणजे समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी जागा मधे मोकळी. गवंड्यालाही समजावी अशी गोष्ट : चाळीस फूट भिंत, वीस फूट अंगण.

आता हाच कोन आजच्या पुनर्वसन इमारतींना लावून बघा. झोपडपट्टी पुनर्वसनात घरं बसावीत म्हणून मोकळ्या जागांच्या नियमांत भरपूर सूट मिळते. मुंबईत तीन मीटर अंतरावर समोरासमोर उभ्या इमारती तुम्ही पाहिल्या असतील. तळमजला अधिक सात धरू, उंची साधारण २४ मीटर. २४ भागिले ३ म्हणजे ८, आणि ज्याचा टॅन ८ तो कोन जवळजवळ ८३ अंश. ऑरसाहेबांच्या हिशेबाने मधे १२ मीटर हवेत, आहेत ३. तळमजल्याच्या खिडकीत मान वर करून बघितलं तर आकाशाची चिंधी दिसते. आमच्या धंद्यात "दिसणाऱ्या आकाशाचा वाटा" असं मोजमापच आहे. माशाच्या डोळ्यासारखं भिंग लावून वरचा फोटो काढायचा आणि आकाश किती टक्के ते मोजायचं.

ट्रस्टची आरती ओवाळायची नाहीये मला. पहिल्या वीसेक वर्षांत त्यांनी गरिबांच्या खोल्या बांधल्या कमी आणि पाडल्या जास्त. उजेड आला, माणसं शेजारच्या गल्लीत जाऊन आणखी दाटीवाटीने राहिली. पण कोन मोजायची सवय चांगली होती, ती आपण मोडली.

---

गच्चीवरचा_वारा · शनिवार, ३:४०

वाचनखूण साठवली. साडेत्रेसष्ट अंश! मी लगेच फोनवर लेव्हलचं ॲप उघडून खिडकीत धरलं. ७१ आला. बायको विचारतेय, काय करताय. सांगितलं, ब्रिटिशांना हाक मारतोय.

---

डॉ_कडुलिंब · शनिवार, सायं. ६:५०

ओपीडी संपवून आले. आधी धागाकर्तीच्या बाबांबद्दल, मग मोठ्या प्रश्नाकडे.

ड जीवनसत्त्वाचा दोष टॉवरला जरा जपून द्या. ते तयार व्हायला उन्हातले जे किरण लागतात ते खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. खिडकी बंद असेल तर पूर्वीच्या पट्ट्यातही बाबांना ते मिळत नव्हतं. आणि सकाळचं "कोवळं ऊन" आपण डोक्यावर घेतो, पण त्या तिरप्या उन्हात हे किरण अगदी कमी. त्यासाठी ऊन वर चढलेलं लागतं. (सदस्यनामाबद्दल क्षमस्व.) झोपेचं मात्र तुमचं म्हणणं पटतं. सकाळचा भरपूर उजेड डोळ्यांत गेला की शरीराचं घड्याळ जागेवर राहतं, म्हाताऱ्या माणसांत तर फारच. खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर थुंकी तपासून घ्या, सरकारी केंद्रात फुकट होते. चर्चा नंतर.

आता मोजण्याबद्दल. तुम्हाला हवंय तसं काम आपल्याच शहरात झालंय. एम-पूर्व वॉर्डात, गोवंडी-मानखुर्दला, तीन पुनर्वसन वसाहती : लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबईची मंडळी यांनी मिळून चार हजारांवर घरं पालथी घातली. एकीकडे घरात क्षयाचा रुग्ण आहे का ही चौकशी, दुसरीकडे इमारतींमधलं अंतर, आत येणारा उजेड, वारा, दिसणारं आकाश यांचं संगणकावर गणित. दाटीच्या दोन वसाहतींत आठ ते दहा टक्के घरांत क्षय, मोकळ्या पीएमजीपीत एक टक्क्याच्या आसपास. खालच्या मजल्यांवर जास्त. तिन्ही वसाहती एकाच वॉर्डात. सदाशिवरावांची वॉर्डाची सरासरी घेतली असती तर हे सगळं पोटात गेलं असतं.

यामागे यंत्रणाही आहे. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत सुटतात आणि तासन्‌तास तरंगतात. वारा आरपार असेल तर ते पातळ होऊन बाहेर जातात, उन्हाने मरतात. सव्वादोनशे चौरस फुटांत सहा माणसं, एकच खिडकी आणि ती समोरच्याच्या खिडकीत उघडणारी, मग रात्रभर एकमेकांचा श्वास सगळे घेत राहतात. उजेड स्वतः किती जंतू मारतो हा भाग छोटा असेल, पण जिथे उजेड शिरत नाही तिथे बहुतेकदा वाराही शिरत नाही. म्हणून लक्सचा आकडा वाऱ्याचा मुनीम समजा, मालक नव्हे.

तरी नाण्याला दुसरी बाजू आहे. झारखंडमध्ये 'रेशन्स' नावाची चाचणी झाली, २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. क्षयरुग्णांच्या घरच्यांना दरमहा जादा धान्य-डाळ वगैरे दिलं. घर तेच, खिडकी तीच. तरी घरच्यांमधले नवे क्षयरुग्ण ३९ टक्क्यांनी घटले, फुफ्फुसाचा संसर्गजन्य क्षय ४८ टक्क्यांनी. भिंतीकडे बघताना ताटाकडे पाठ नको.

---

रोखठोक_राव · शनिवार, रात्री ९:१०

झालं. आता टॉवर नको, पुनर्विकास नको, सगळ्यांनी बैठ्या चाळीत राहून कोन मोजा. ज्यांना हे परवडतं त्यांची ही फॅडं. झोपडीत नाल्याकाठी राहणाऱ्याला पक्कं छप्पर, नळ आणि संडास मिळाला, तो तुमचं आकाश किती टक्के हे विचारत नाही. जमिनीचा भाव बघा आणि मग बारा मीटर सोडा.

---

कोनमापे_आर्किटेक्ट · शनिवार, ९:२५

राव, अर्धं मान्य. संडास आणि नळ ही मोठी गोष्ट आहे. पण पक्कं घर पन्नास वर्षं हलत नाही. झोपडीला निदान पत्रा सरकवता येतो.

---

बी_विंग_तळमजला · रविवार, सकाळी ७:३०

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदा लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी अशाच एका पुनर्वसनाच्या इमारतीत राहते. कुठली ते नको. आमची झोपडी रस्तारुंदीत गेली आणि आम्हाला इथे आणलं, तेव्हा मी नववीत. चिठ्ठ्या काढल्या होत्या शाळेच्या मैदानात. मोठा पत्र्याचा डबा, त्यात नंबर. माझ्या बापाने हात घातला, तळमजला निघाला. मागच्या बाईला सहावा. ती रडायला लागली, पाणी वर चढणार का, लिफ्ट चालणार का. माझी आई खूश, पाण्याची कळशी उचलायला नको. आज ती बाई आमच्याकडे बघून हसते.

आमच्याकडे दिवसा लाइट. बिल सहाव्यापेक्षा जास्त. दोन इमारतींमधल्या गल्लीत वरून कचऱ्याच्या पिशव्या पडतात, म्हणून खिडकी उघडत नाही. डॉक्टर लोक येऊन सांगतात खिडकी उघडी ठेवा. ताई, खिडकी उघडली की उंदीर येतो. आम्ही जाळी मारली, जाळीला वरचा कचरा अडकला, आता वारा जाळीतूनही येत नाही.

माझ्या भावाला टीबी झाला, बारावीत. बरा झाला, सहा महिने गोळ्या. आमच्या मजल्यावर तेव्हा आणखी तीन घरांत होता. सहाव्यावर मला कुणी आठवत नाही, पण मी काही मोजलं नाही.

रावसाहेब, आम्ही आकाश टक्क्यात विचारत नाही हे बरोबर. आम्ही असं विचारतो : कपडे कुठे वाळत घालायचे?

---

चकली_भाजणी · रविवार, ७:५०

ताई, लिहीत राहा.

---

सदाशिव_आकडेमोडे · रविवार, सकाळी ८:१५

बी विंग ताई, तुम्ही काय सांगितलंत याची तुम्हाला कल्पना आहे का? रात्रीपासून मी ज्या खड्ड्यात बसलोय त्यात तुम्ही दोर टाकलात.

माझा मूळ आक्षेप होता, माणसं घर निवडतात म्हणून तुलना बिघडते. तुमच्याकडे कुणी निवडलंच नाही. डब्यात हात घातला. तळमजला मिळालेलं कुटुंब आणि सहावा मिळालेलं कुटुंब यांत त्या दिवशी पगार, खाणं, शिक्षण, आजार यांचा सरासरीने काही फरक नव्हता, कारण चिठ्ठीला हे काही दिसत नाही. औषधांच्या चाचणीत मुद्दाम पैसे खर्चून करतात तेच, कोणाला गोळी आणि कोणाला खोटी गोळी हे नशिबावर सोडायचं. पुढच्या दहा वर्षांत दोन मजल्यांच्या तब्येतीत फरक पडला तर तो बव्हंशी मजल्याचा.

अमेरिकेत हे सरकारने ठरवून केलं. १९९४ पासून पाच शहरांत, बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क, गरीब सरकारी वसाहतींतल्या साधारण ४६०० कुटुंबांची सोडत काढली. काहींना कमी गरिबीच्या भागात घर घ्यायला भाड्याची मदत, काहींना काही नाही. दहा-पंधरा वर्षांनी बायकांचं वजन आणि रक्तातली साखर तपासली. ज्यांना बाहेर पडायची संधी मिळाली होती त्यांच्यात अतिस्थूलता आणि मधुमेह कमी निघाला. २०११ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आलं. मोठ्यांच्या कमाईत मात्र फारसा फरक नव्हता. म्हणजे "पैसा वाढला म्हणून तब्येत सुधारली" हाही रस्ता बंद.

आता ताई, दोन प्रश्न. एक, चिठ्ठ्या सगळ्यांच्या होत्या का, की काहींना मागून मजला मिळाला? दोन, त्यानंतर किती लोकांनी घर बदललं?

---

बी_विंग_तळमजला · रविवार, ८:४०

सगळ्यांच्या नव्हत्या. अपंग आणि फार म्हातारे यांना तळमजला आधीच दिला.

बदललं खूप जणांनी. कागदावर विकता येत नाही काही वर्षं, पण भाड्याने देतात. खालच्या खोलीचं भाडं हजार-दीड हजार कमी. ज्यांना जमलं ते खोली भाड्याने देऊन दुसरीकडे वर गेले. खाली आता नवीन आलेले, जरीकाम करणारे, एका खोलीत आठ-दहा पोरं. आम्ही आहोत कारण आई हलायला तयार नाही. कळशी.

---

सदाशिव_आकडेमोडे · रविवार, ८:५८

हीच मेख. आज दार ठोठावून तळमजल्यावर किती क्षय हे मोजलं तर दोन घोटाळे. म्हातारे आधीच खाली बसवलेले, आणि जमेल तो वर सरकलेला. मग मजल्याचं नि गरिबीचं कडबोळं पुन्हा तयार.

उपाय असा की आज कोण कुठे राहतं ते विसरायचं. चिठ्ठीच्या दिवसाची मूळ यादी काढायची, ज्यांना आधीच मजला दिला ते वगळायचे, आणि बाकीच्यांना "चिठ्ठीत काय निघालं" त्याप्रमाणे मोजायचं. तुमचा बाप उद्या सहाव्यावर गेला तरी माझ्या वहीत तो तळमजलाच. ऐकायला वेडेपणा वाटतो. फरक थोडा पुसट दिसतो, पण जो उरतो तो खरा असतो. अमेरिकेतही असंच मोजलं होतं, मदत मिळालेल्यांपैकी बरेच जण हललेच नव्हते.

डॉक्टर, गोवंडीचा अभ्यास मोलाचा आहे, पण तो एका वेळचा फोटो आहे. आठ-दहा विरुद्ध एक हा फरक इतका मोठा की सगळाच गरिबीचा असेल असं मलाही वाटत नाही. पण तिन्ही वसाहतींतली माणसं सारखी होती का, हा प्रश्न फोटोला विचारता येत नाही. चिठ्ठीच्या यादीला येतो.

---

डॉ_कडुलिंब · रविवार, ९:३०

मान्य. आणि क्षयाची नोंद सरकारकडे होतेच, निदान झालं की कळवणं बंधनकारक आहे. अडचण पत्त्याची. नोंदीत वसाहत येते, फार तर इमारत. मजला बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो. मी स्वतः केसपेपर काढताना लिहीत नव्हते. उद्यापासून लिहीन.

---

मुक्काम_बार्सिलोना · रविवार, दुपारी १:०५

इथला किस्सा कोनमाप्यांसाठी. इल्देफोन्स सेर्दा नावाचा अभियंता होता. १८५६ मध्ये त्याने बार्सिलोनाच्या कामगारांचं राहणीमान आकड्यांत मांडलं, मजुरी, खाणं, खोल्या, मरणाचं वय. मग १८५९ ला शहराच्या विस्ताराचा आराखडा केला. रस्ते २० मीटर रुंद, इमारती १६ मीटरपर्यंत, आणि प्रत्येक चौकोनी ठोकळ्याच्या दोनच बाजू बांधायच्या, मधे बाग. पुढे चारही बाजू बांधल्या, उंची वाढली, बागेत गोदामं आली. जमिनीचा भाव, राव, इथेही होता.

आता इथे काही ठोकळे एकत्र करून आतले रस्ते गाड्यांना जवळजवळ बंद करतात, "सुपरब्लॉक". इथल्या संशोधन संस्थेने २०२० मध्ये हिशेब मांडला की असे ठरवलेले सगळे ५०३ झाले तर वर्षाला ६६७ अकाली मृत्यू टळतील. तो आकडा सगळीकडे फिरतो. पण ते मोजलेलं नाही, मांडलेलं आहे : हवा इतकी सुधारेल, आवाज इतका घटेल, तापमान इतकं उतरेल असं धरून. प्रत्यक्षात मोजकेच झालेत. मी अशाच एकात राहतो. आवाज कमी झाला हे कानाला कळतं. भाडं वाढलं हे खिशाला.

---

सोल्डरिंगवाला · रविवार, सायं. ५:२०

धागाकर्तीला हातात काहीतरी मिळावं म्हणून थोडं यंत्राचं. मी पुण्यात घरी हवेचा सेन्सर लावलाय. पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, दाखवणारी स्वस्त यंत्रं लेझर टाकून कण मोजतात. पावसाळ्यात कण पाणी पिऊन फुगतात आणि यंत्र उगाच घाबरवतं. जागतिक आरोग्य संघटनेची वर्षाची मर्यादा ५ मायक्रोग्रॅम, आपल्या देशाची ४०. त्यामुळे "मर्यादेत आहे" हे वाक्य ऐकलं की आधी विचारा, कुणाच्या?

माझ्या आलेखावर रोज साडेबारा वाजता सुळका यायचा. महिनाभर मी समोरच्या बांधकामाला शिव्या घातल्या. ती आमची फोडणी होती. आईने मिरच्या टाकल्या की ४० चे ४०० व्हायचे, एक्झॉस्ट लावला की दहा मिनिटांत खाली.

कोंदटपणा मोजायचा तर कार्बन डायऑक्साइडचं यंत्र घ्या. आधी कुणीतरी सोडलेला श्वास हवेत किती आहे याचा अंदाज ते देतं. बाहेर सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) असतो. आमच्या झोपायच्या खोलीत तिघं, खिडकी बंद, पहाटे चारला १९००. खिडकी चार बोटं उघडी ठेवली तर ८५०. डास वेगळे.

---

रोखठोक_राव · रविवार, रात्री ८:४५

चार बोटांचं करून बघतो. बाकी मतं कायम.

---

तिरपं_ऊन · पुढचा शनिवार, सकाळी १०:४०

उशीर झाला. बाबांची थुंकी तपासली, क्षय नाही. छातीच्या डॉक्टरांनी बुरशीकडे बोट दाखवलं, भिंतीतली गळती आधी काढा म्हणाले. गळती वरच्यांच्या बाथरूमची निघाली. म्हणजे टॉवर निर्दोष आणि ज्यांच्या ओट्यावर ९५ लक्स आहेत ते दोषी. भावाला अजून सांगितलेलं नाही.

गच्चीला सोसायटीने कुलूप लावलंय, किल्लीसाठी अर्ज दिलाय. तोवर बाबांना जिन्यापलीकडच्या काकूंकडे पाठवते, सकाळी साडेनऊ ते साडेदहा. ते खुर्ची आपलीच घेऊन जातात. पाच दिवस झाले, दुपारच्या डुलक्या एकावर आल्यात. सदाशिवराव, माहितीये. एक घर, एक बाबा. वहीत लिहून ठेवतेय तरी.

बी विंग ताई, तुमच्याकडे लेव्हलचं ॲप आहे का?

---

बी_विंग_तळमजला · शनिवार, ११:१५

भावाच्या फोनवर घेतलं. आमच्या खिडकीतून समोरच्या माथ्याला धरलं, ८१ आलं. दोनदा घेतलं. पोरं विचारत होती काय करते, मग त्यांनी पण आपापल्या खिडकीतून घेतलं. भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय प्रत्येकाचं.

---

कोनमापे_आर्किटेक्ट · शनिवार, ११:१८

आणि सहाव्यावरून?

---

बी_विंग_तळमजला · शनिवार, ११:३०

ती बाई गावाला गेलीय, सोमवारी येते. चिठ्ठ्यांची यादी पण तिच्याकडेच आहे, तेव्हा ती कमिटीत होती. विचारते.